तिघांची एकच गोळी

तिघं आले, पण एकदम नाही. आधी थोरला आला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग मधली लेक आली. तिने भावाला बघून न बघितल्यासारखं केलं आणि पायथ्याशी स्टूल ओढलं. धाकटा दारातच रेंगाळला. दवाखान्याच्या खाटेवर त्यांची आई पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी तिघांकडे आळीपाळीने बघत होती. गल्लीत तिला फौजदार म्हणत. आज फौजदाराला कूस बदलायलाही नर्स लागत होती.

वडील गेले त्या दिवशी, त्यांना वेळेवर दवाखान्यात कोणी न्यायला हवं होतं यावरून ह्या तिघांची जुंपली. तोंडाला येईल ते बोलून झालं आणि मग बोलणंच संपलं. आईशी मात्र तिघंही बोलत, आपापल्या घरून, आपापल्या वेळेला. फोनवर विषय एकच. माझी गोळी घेतलीस का?

थोरल्याने अंगदुखीवर पाठवलेली पांढरी. लेकीने गुडघ्यांसाठी दिलेली जाडजूड, घशात अडकणारी. धाकट्याची कणकणीवरची, गुलाबी. आईला कित्येकदा काही दुखतही नसे. तरी ती तिन्ही घ्यायची. घेतली म्हणून सांगायचं, तर घ्यायला नको? नाही म्हटलं की पोरं रागावून फोन ठेवत. मग घर असं गप्प व्हायचं, की शेजारणीच्या हातून कोणतं भांडं पडलं तेही ओळखता यावं.

पुढे जेवण जाईना. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. ती कोणाला बोलली नाही. शेवटी शेजारणीनेच तिचे डोळे बघितले, हाताला धरून गाडीत घातलं आणि तिघांना कळवलं.

सकाळपासून सलाईन चालू होतं, त्यातून उताऱ्याचं औषध जात होतं. डॉक्टरीणबाई सकाळी बराच वेळ तिच्या उशाशी बसून गेल्या होत्या. नातीच्या वयाची पोर, पण ऐकून घेणारी. आता त्या पुन्हा आल्या आणि आईच्या पिशवीतली तीन पाकिटं त्यांनी चादरीवर ठेवली. ह्या कोणी दिल्या, असं त्यांनी विचारलं.

प्रत्येकाने आपलं पाकीट ओळखलं. मग बाकीची दोन बघितली.

थोरला म्हणाला, त्याची तर अगदी साधी गोळी, कुठल्याही दुकानात मिळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या दोनही साध्याच आहेत. नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. एकट्या कुणाची असती तर निभावलं असतं. तिघांची मिळून रोज पोटात गेली आणि लिव्हर बसलं. ते सावरतं का, हे पुढचे काही दिवस सांगतील.

कोणी हललं नाही. आईला ह्याचीच धास्ती होती. नवऱ्याच्या वेळी अशीच आधी शांतता झाली होती आणि मग तोंडं सुटली होती. लेकीच्या नाकपुड्या फुगलेल्या तिला दिसल्या. थोरल्याने धाकट्याकडे असं बघितलं, की आता ठिणगी पडणार.

"दिवसाला किती जात होत्या, ते आजीच सांगतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईने डोळे मिटून घेतले.

"मला नाही बाई ठाऊक. देणाऱ्यांना विचारा."

डॉक्टरीणबाईंनी झटकन मान वर केली.

थोरला भिंतीकडे बघून म्हणाला, माझी सकाळ-संध्याकाळ. लेकीनेही भिंतीलाच सांगितलं, माझी जेवणानंतर, दोन्ही वेळा. माझी दिवसातून चार वेळा, म्हणत धाकटा दारातून खाटेपाशी आला.

"दादा, तुझी केवढ्याची? पाचशे मिलिग्रॅमची की साडेसहाशेची?"

थोरल्याने दचकून त्याच्याकडे बघितलं. आकडा त्यालाही आठवेना. लेकीने पाकीट उचलून उजेडात धरलं, पण चष्मा घरी राहिलेला. तिने पाकीट जवळ नेलं, लांब नेलं. थोरल्याने स्वतःच्या नाकावरचा काढून तिच्यापुढे धरला. तिने तो लावला आणि वाचायला लागली. तिघांची डोकी एका पाकिटावर वाकली. एकाने बोटांवर मोजलं, दुसऱ्याने त्यात चूक काढली. मध्येच लेक म्हणाली, विचारायचं तरी होतंस एकदा. कोणाला विचारणार होतो, असं थोरला म्हणाला. मग धाकटा बाहेर जाऊन बसू या म्हणाला, आणि तिघंही बाहेर गेले.

डॉक्टरीणबाई मागे थांबल्या. वाकून हळूच म्हणाल्या, "आजी, सकाळी तर तुम्ही मला सगळं न अडखळता सांगितलंत. हे सलाईन मी त्याच हिशोबाने लावलंय."

बाहेरच्या बाकड्यावरून तिघांचे आवाज येत होते, एकात एक मिसळलेले. तिने उशीवरची मान तिकडे वळवली.

"हळू बोल, पोरी. आणि उद्या पुन्हा विचार त्यांना. म्हणावं, बेरीज जुळत नाही."