हलगीचा मान
"हिरे, वाजव की!" आप्पासाहेब देवळाच्या वरच्या पायरीवरून ओरडले.

हिरा वाजवीना. पायऱ्यांच्या खाली, धुळीत, ती हलगी छातीशी धरून उभी होती. वर भैरवनाथाची पालखी खांद्यांवर चढून तयार होती. पुण्याजवळ, मांजरीपलीकडच्या या गावात हलगी वाजल्याशिवाय पालखी हलत नाही. आणि ती हलगी मातंग वस्तीतल्या नागोरावाच्या घरचीच लागते. आधी हिराचा आजा वाजवायचा, मग तिचा बाप नागोराव वाजवायचा. खाली उभं राहून. एरवी देवळात कुणीही जावं. जत्रेच्या दिवशी मात्र हलगीवाल्यानं पायरी चढायची नाही. याला गावात मान म्हणतात.

यंदा नागोरावाचे हात थरथरायला लागले. मुलगा नाही, म्हणून त्यानं हलगी मुलीलाच शिकवलेली. हिरा स्वारगेटजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बाईनं हलगी वाजवावी का, यावर आप्पासाहेबांच्या जत्रा कमिटीनं रीतसर बैठक घेतली. काळ बदललाय, असं सर्वानुमते ठरलं. बाई चालेल. पायरी चालणार नाही.

काळ बाकी भलताच बदलला होता. उसाच्या रानात टॉवर उभे राहिले होते. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला होता, नैवेद्य केटररकडून येत होता. डोक्यावर ड्रोन घोंगावत होता आणि त्याला थेट कळसापर्यंत मोकळीक होती. परवा फ्लॅट घेतलेली मंडळी वरच्या पायऱ्यांवर मोबाईल धरून उभी होती. त्यांना कुणी आजाचं नाव विचारलं नव्हतं. जिथे जिथे गैरसोय झाली तिथे तिथे गावाची परंपरा मुकाट वाकली होती. नागोरावाच्या दारात आली की तेवढी ती ताठ व्हायची.

"मी वर येऊन वाजवते," हिरा म्हणाली.

"तशी पद्धत न्हाई."

"मग थांबा. हलगी वाजल्याशिवाय पालखी हलत नाही, हीसुद्धा पद्धतच आहे."

आप्पासाहेबांचे कान लाल झाले. इतक्या लोकांसमोर, आणि तेही खालून, त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी शहरातून आणलेल्या ढोलपथकाला हात केला. ढोल धडाडले. कानठळ्या बसल्या.

"चला, उचला पाय!" ते पालखीवाल्यांवर खेकसले.

पालखीवाले जागचे हलले नाहीत.

"हलगी वाजू द्या, आप्पा," पुढचा दांडा धरलेला रंगराव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तिच्याबिगर न्हेली तर वरीस वाईट जाईल. आमाला लेकरंबाळं हायती."

ढोल अडखळत थांबले. मग आप्पासाहेबांना गर्दीच्या कडेला उभा असलेला नागोराव दिसला आणि त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला.

"नागोराव, आरं पोरीला काय तरी सांग. तुज्या बापानं कदी आसं केलं का? तू कदी केलंस का?"

नागोराव मान खाली घालून पुढे आला. सगळ्या गावाशी भांडायला हिरा तयार होती, पण बापापुढे तिचं काही चालणार नव्हतं. लहानपणापासून ती त्याचं 'जी आप्पा, जी आप्पा' ऐकत आली होती आणि दर वेळी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आप्पासाहेबांपेक्षाही तिला त्या 'जी'चा राग होता. आताही तो 'जी' म्हणणार, थरथरत्या हातांनीच वाजवणार, पालखी निघणार आणि पुढची जत्राही तिला खालूनच बघावी लागणार.

नागोरावानं हात पुढे केला. "दे."

"आबा, नका ना."

"दे म्हनलं."

तिनं हलगी दिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं संतापानं पुसलं. वर मंडळी हुशारली. मोबाईल वर झाले. "शाना हाय नागोराव," आप्पासाहेब हसून म्हणाले. पालखीवाल्यांनी खांदे सावरले.

नागोराव पायऱ्यांपाशी गेला. गुडघ्यावर हात टेकून सावकाश वळला आणि पहिल्या पायरीवर बसला. त्यानं हलगी मांडीवर पालथी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"आमी लई पिढ्या थांबलो, आप्पा," तो म्हणाला. "आता जरा तुमी थांबा."