सहाव्या बाकावरची सुरमई

मुलांनो, एक बेट डोळ्यांसमोर आणा. तिथल्या शाळेत पंखा नाही, तरी भर उन्हाळ्यात मुलं कुडकुडतात. खोल समुद्रातलं थंडगार पाणी नळातून वर येतं, भिंतींतून फिरतं आणि वर्गातली उष्णता घेऊन मागच्या हौदातून समुद्रात परततं.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मोहिनी धावत आली, तर तिच्या सहाव्या बाकावर भलीमोठी सुरमई आडवी! वर्गभर मासेच मासे. बर्फाची होडी आली नव्हती, म्हणून कोळणींनी सगळा बाजारच शाळेत आणून मांडला होता.

"हिरामावशी, ही माझी जागा आहे!"

"मग मांडीवर घे तिला. बाहेर काढलीस तर दुपारपर्यंत कुजंल, बाय. माझी पोरं काय खातील?"

पर्यवेक्षक मोठे शिस्तीचे. "बाकावर जो असेल, त्यालाच पेपर," असं म्हणत त्यांनी प्रश्नपत्रिका सुरमईपुढे ठेवली. "नाव नीट लिही गं."

मोहिनीने वर्षभर याच परीक्षेसाठी अभ्यास केला होता. रडू लपवायला ती शाळेमागे गेली आणि तोंड धुवायला हौदात हात घातला. अगं बाई! वर्ग गार करून आलेलं पाणी अजूनही गारच होतं.

तिने हिरामावशीला ओढत आणून तिचा हात त्या पाण्यात बुडवला. मावशीचे डोळे विस्फारले. मग मोहिनी आत पळाली, सुरमईला कवेत उचलून हौदात ठेवून आली आणि खवले झटकून पहिला प्रश्न वाचू लागली.