मागची खेप

भुरू त्या अनोळखी माणसाच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकून उभा राहिला आणि त्याचे हात चाटू लागला, तेव्हा तंबूची खुंटी ठोकणाऱ्या धनेंद्रचा दगड हवेतच थांबला.

भुरू तसा कुत्रा नव्हता. दोन वर्षं रोज दारात येणाऱ्या दूधवाल्यावर तो अजून भुंकायचा. आणि इथे, घरापासून तीन दिवसांच्या वाटेवर, जंगलाला लागून असलेल्या तलावाच्या पाळीवर, डोक्यावर काड्यांची मोळी घेतलेला एक माणूस त्याला म्हणत होता, "आला का रे भुरू?"

धनेंद्रने बायकोकडे पाहिलं. ओमेश्वरी पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. पिशवीतलं सामान तर केव्हाच बाहेर काढून झालं होतं.

गोरेगावहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या प्रतापगडला पायी जायचं, चार दिवसांत, मिळेल तिथे तंबू ठोकत, ही कल्पना धनेंद्रचीच. ऑफिसात बाबूगिरी करता करता तो मोबाइलवर तसले व्हिडिओ बघायचा. नवरा, बायको, पाठीवर बॅगा आणि पुढे कुत्रा. तंबूही त्यानेच मागवला. "आपण दोघंही नवेच. संगंसंगं शिकू," असं तो नवरात्रापासून म्हणत होता. ओमेश्वरी शिलाई मशीनवरची मान वर न करता हो म्हणायची.

आता त्याला एकेक आठवू लागलं. पहिल्याच दिवशी त्याच्या टाचांना फोड आले, तिच्या पायांना काहीच नाही. मोबाइलवरचा नकाशा अडून बसला, तेव्हा ती धानाच्या बांध्यांमधून सरळ निघाली आणि नेमकी विहिरीवर पोचली. "अंदाजानं आली," म्हणाली होती. काल तंबूच्या दोऱ्या तिने एका दमात ताणल्या आणि त्याने कौतुकाने तिचा फोटो काढला होता.

त्या माणसाने मोळी खाली टाकली. धनेंद्रपेक्षा पाचेक वर्षांनी लहान असेल. चालून चालून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. धनेंद्रने नकळत स्वतःचं पोट आत ओढलं.

"भुरू, इकडं ये."

कुत्र्याने एकदा वळून पाहिलं आणि त्या माणसाच्याच पायाशी बसकण मारली.

"हे लखनभाऊ," ओमेश्वरी म्हणाली. "वनमजूर आहेत इथं."

लखनने तंबूकडे बघून मान हलवली. "साहेब, मोहाच्या झाडाखाली नका लावू. मागच्या खेपेले बाईच्या तंबूत मुंगळे शिरले होते."

"मागची खेप म्हंजे कवाची?"

लखनने ओमेश्वरीकडे पाहिलं. मग त्याने सरळ सांगून टाकलं, "संक्रांत झाल्यावर. दोन रात्री होती बाई."

संक्रांतीनंतर धनेंद्र ट्रेनिंगसाठी नागपूरला होता. ती माहेरी, दवनीवाड्याला गेली होती. रोज संध्याकाळी त्याने फोन केला होता. "आईजवळ बसली आहो," असं ती दोन्ही दिवस म्हणाली होती. मागे टिटव्या ओरडत होत्या, आणि सासऱ्याच्या शेतातल्याच टिटव्या समजून त्याला बरं वाटलं होतं.

दगड त्याच्या मुठीत घट्ट झाला. "आन तू कुठं होता त्या दोन रात्री?"

प्रश्नाचा रोख लखनला कळला. त्याचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "घरी होतो, पोरायजवळ. बाई एकटी हाय म्हून माही घरवाली दुर्गा आली होती इथं झोपाले. दोघी हासून राहिल्या होत्या, घरापर्यंत ऐकू येत होतं." त्याने मोळी सोडून निम्म्या काड्या तिथेच ठेवल्या. "ह्या तुमच्यासाठी," म्हणाला आणि निघून गेला. पाळीच्या टोकापर्यंत भुरू त्याला पोचवून आला.

धनेंद्रने दगड खाली ठेवला. शरमेने त्याचे कान तापले होते, पण छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. इतकं, की त्याला हसूच येऊ लागलं.

"सांगितलं काऊन नाही मले?"

"तुमाले सुगर आहे. पाणी कुठं भेटते, बसाले सावली कुठं आहे, पाहून येऊ म्हटलं. स्कुटीवर भुरूले बसवलं, जागोजागी उतरून पायी फिरली न इथं आली." तिने भुरूच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी इतक्या हौसेनं दोघंही नवे नवे म्हणून राहिले होते. मले सारं माहीत आहे, असं कसं सांगू?"

"म्हंजे माह्यासाठीच आली होती त."

"पयल्या डावी."

"किती डाव आली?"

"चार डाव." तिने वाटीत पाणी ओतून भुरूपुढे ठेवली. "बाकीच्या तीन डाव माह्यासाठी आली."

धनेंद्रचं हसू विरलं. तेरा वर्षांच्या संसारात 'माह्यासाठी' हा शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती तलावाकडे बघत उभी होती. तिचा चेहरा असा मोकळा, कुणाचीच वाट न बघणारा, त्याने घरात कधी पाहिला नव्हता. लखनवर जळणं सोपं होतं. त्याला निदान दगड उगारून दाखवता आला असता. या पाण्याचं, या वाटेचं काय करायचं?

तो फोड आलेले पाय पसरून तिच्याजवळ खाली बसला. बराच वेळ त्याने टाचेवरचा एक फोड उगाच चाचपला. मग विचारलं, "एकटीनं आलं त बरं वाटते, का माह्यासंग?"

ओमेश्वरीने खरंच विचार केला.

"उद्याचा दिवस बाकी आहे ना जी," ती म्हणाली. "चालून पाहू. मंग सांगीन."