नववा खांब

“या वस्तीचा शब्बाथ एका तारेला लटकलाय, आणि ती तार माझ्या या दोन गुडघ्यांवर उभी आहे,” असं मखलूफ अजूलाय शुक्रवारी सकाळी घराबाहेर पडताना म्हणाला. साडेदहाला ते दोन्ही गुडघे चौथ्या खांबाजवळ, ऑलिव्हच्या झाडाखाली पसरले होते आणि मखलूफ घोरत होता.

गालीलच्या उतारावरच्या त्या ज्यू वस्तीत शब्बाथला, विसाव्याच्या पवित्र दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, घरातली वस्तू रस्त्यावर न्यायची नाही. किल्ली नाही, पुस्तक नाही, कडेवर पोरदेखील नाही. पण वस्तीभोवती खांब रोवून तार फिरवली की सगळी वस्ती मिळून एकाच घराचं अंगण ठरते, आणि अंगणात काय वाटेल ते न्यावं. याला एरूव म्हणतात. तार तुटली की अंगण संपलं.

म्हणून दर शुक्रवारी सोळा खांब पाहून यायचे. हे काम मखलूफकडे सहा वर्षांपूर्वी, तो टपालखात्यातून निवृत्त झाला त्याच महिन्यात आलं. त्याआधीचे तीन आठवडे तो बायकोला, फ्रेहाला, कांदा कसा चिरावा ते शिकवत होता.

फ्रेहाइतकी एरूवची काळजी वस्तीच्या धर्मगुरूला, रब्बीलाही नसेल. नऊच्या ठोक्याला ती त्याच्या हातात डबा ठेवायची: उकडलेली अंडी, ऑलिव्ह, पाव, वर चहाचा थर्मास.

“घाई करू नका,” ती बजावायची. “दोनच्या आत आलात तर एखादा खांब सुटला म्हणून समजा.”

बायको असावी तर अशी, असं मखलूफ सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांना सांगायचा.

वस्तीला उंच जाळीचं कुंपणही होतं. सहा वर्षांपूर्वीच रानडुकरांच्या त्रासामुळे घातलेलं. त्याचं फाटक उघडून मखलूफ बाहेर पडे, कारण तार त्याच्याही पलीकडे, झुडपांतून जायची. “कुंपण डुकरांसाठी, तार देवासाठी,” तो म्हणायचा आणि फाटक नीट लावून घ्यायचा.

त्या शुक्रवारी जाग आली तेव्हा दीड वाजला होता. बारा खांब राहिले होते. सहा वर्षांत तार कधी तुटली नव्हती. आजच कशाला तुटेल? दोनला तो रब्बी अवनेरच्या दारात उभा राहिला.

“सगळे पाहिले?” रब्बीनं विचारलं.

“सोळाच्या सोळा.”

रब्बी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग त्यानं सिनेगॉगच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: एरूव शाबूत.

मखलूफला रात्रभर झोप लागली नाही. शनिवारी उजाडताच तो फाटकातून बाहेर पडला. आठवा खांब जागेवर होता. नववा नव्हता. जिथे होता तिथला खड्डा बुजवून वरची माती थापली होती, आणि तारेचं सुबक वेटोळं बाजूच्या दगडावर ठेवलं होतं.

तो परतला तेव्हा रस्ते भरले होते. शेजारचा प्रॉस्पेर नातवाला कडेवर घेऊन चालला होता. रब्बीच्या काखेत जाडजूड पुस्तक होतं. मखलूफनं मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाव्या पापाला सोडून दिलं.

सांगावं, तर लोक आता जाणूनबुजून पाप करतील; गप्प राहावं, तर नकळत. नकळत केलेलं हलकं, एवढं शास्त्र त्याला ठाऊक होतं. ते शास्त्र आज आपल्या फार सोयीचं आहे हेही त्याला ठाऊक होतं.

निदान आपण तरी काही न्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. रुमाल खिशात ठेवला तर ओझं, म्हणून तो गळ्यात बांधला; अंगावर घातलं की ते कपड्यात जमा. झालं, मखलूफचा घसा धरलाय अशी बातमी वस्तीभर पसरली. समोरची सिमी रस्ता ओलांडून मध घेऊन आली. प्रॉस्पेरनं लिंबं आणली. रब्बीची बायको सूपचं पातेलं सांभाळत दोन गल्ल्या चालत आली. “मला काही झालं नाही हो,” असं तो जितकं सांगे, तितका त्याचा आवाज बसत गेला आणि तितकं सामान दारात येऊन पडलं.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यानं रब्बीला गाठलं आणि झाडाखालच्या घोरण्यापासून सूपच्या पातेल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मान वर केली नाही. अख्ख्या वस्तीचा शब्बाथ मी मोडला, म्हणाला. मला हवी ती शिक्षा द्या, फक्त फळ्यावर लावू नका.

रब्बी त्याच्याहून तीस वर्षांनी लहान. त्याचाच चेहरा लाल झाला होता.

“मखलूफकाका, नववा खांब मी काढायला लावला. गुरुवारी. तिथून पाण्याचा पाइप जायचाय.”

“गुरुवारी?” मखलूफनं मान वर केली. “म्हणजे शुक्रवारी मी सोळा म्हणालो, तेव्हा तुम्हाला...”

“ठाऊक होतं.”

“आणि तरी तुम्ही चिठ्ठी लावलीत?”

“एरूव शाबूतच होता. ते कुंपण आहे ना, डुकरांचं, ते शास्त्राप्रमाणे भिंतच. फाटकांवर चौकटीही आहेत, म्हणजे ती दारं ठरतात. सहा वर्षं शब्बाथ त्याच्यावर चाललाय, तारेवर नाही.”

मखलूफनं कालपासून गळ्यात राहिलेला रुमाल सोडवला.

“मग सहा वर्षं मी काय पाहत होतो?”

“मी फक्त तार पाहून या म्हणालो होतो,” रब्बी टेबलाकडे पाहत पुटपुटला. “शब्बाथ तिच्यावर आहे, हे तुमचं तुम्हीच म्हणालात. तुम्हाला काहीतरी काम द्या, जरा लांबचं द्या, अशी कोणीतरी फार काकुळतीला येऊन विनंती केली होती. नाव सांगणार नाही असं वचन दिलंय मी.”

मखलूफ घरी आला. फ्रेहा ओट्याशी कांदा चिरत होती. सवयीप्रमाणे तो तिच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला.

“संपलं ते काम,” तो म्हणाला. “आता शुक्रवारी मी घरीच.”

सुरी थांबली. काय झालं, तार कुठे गेली, देवाच्या कामाचं आता कसं होणार, यातलं फ्रेहानं काहीच विचारलं नाही. पदराआड लपवावा तसा चेहरा तिनं कांद्यावर आणखी खाली वाकवला.

“निदान बारापर्यंत तरी जाऊन याल का?”