एकही वर्ष चुकवू नकोस

"मान वर कर. आणि एवढं हसू नकोस, पडलेला दात दिसतो," रायना म्हणाली.

"पडलाय तर दिसणारच की!" गेनाने जीभ काढून दाखवली.

शेजारची दोन्का कंगवा घेऊन मागे उभी होती. पोरीच्या वेण्या दरवर्षी तीच घालायची, आणि ओढून घालायची. "नीट उभी राहा, माकडा! नाहीतर सगळी मेहनत वाया."

दारासमोर, फुललेल्या आलुबुखाराच्या झाडाखाली, दर वसंतात एक फोटो. कॅमेरा रायनाच्या नवऱ्याचा, स्तामेनचा. स्पेनला मजुरीला जाताना त्याने आपल्या एक वर्षाच्या पोरीचा एकच फोटो काढला, तो बरोबर नेला आणि कॅमेरा रायनाच्या हातात दिला. "ती वाढताना मला दिसली पाहिजे. एकही वर्ष चुकवू नकोस."

तिकडे त्याच्यापाशी कागदपत्रं नव्हती. एकदा बाहेर पडला की परत शिरणं नाही. म्हणून तो राहिला आणि फोटो जात राहिले. लाल झगा, मग शाळेचं दप्तर, मग पडलेले दात. रायनाने एकही वर्ष चुकवलं नाही.

टपाल कचेरीतल्या फोनवर तो म्हणायचा, "फोटो मिळाला. तू जेवतेस ना वेळेवर?" पोरीला फोनवर दे, असं त्याने कधी म्हटलं नाही. रायनाला त्याचं बरंही वाटायचं आणि भीतीही.

आज दुपारच्या बसने तो घरी येणार होता.

"आज कशाला फोटो?" दोन्का म्हणाली. "थोड्या वेळात स्वतःच्या डोळ्यांनी बघेल की."

"त्याचीच तर धास्ती आहे. त्याने हिला आपलं म्हटलं नाही तर?"

"आल्या आल्या त्याच्याशी बोल बाई. मनात ठेवू नकोस. किती वर्षं सांगतेय."

गेना दाराच्या चौकटीवर बोट फिरवत होती. स्तामेनने जाताना पोरीची उंची तिथे सुरीने कोरली होती, गुडघ्याच्या जरा वर. त्या खुणेच्या वर दुसरी खूण नव्हती. दोन्काने गेनाच्या हातावर चापट मारली. "तिथे हात लावायचा नाही!"

बसथांब्याची वाट दफनभूमीच्या कडेने जाते. तिथे दगडादगडावर चिनी मातीची अंडाकृती चकती, आणि चकतीवर गेलेल्याचा चेहरा. गेना जाता-येता त्यांच्याशी गप्पा मारायची.

"मिशीवाले आजोबा, नमस्कार! शिंपीणबाई, तुमची टोपी वाकडी झालीय!" मग ती थबकली. "त्या बारक्या दगडाला तोंडच नाही."

"चल, बस येईल." रायनाने तिचा हात ओढला.

बसमधून एकच माणूस उतरला. केस पिकलेले, चाल तीच. रायनाने मनात घोकून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं. तिने पोरीला पुढे ढकललं. "बघ," एवढंच म्हणाली.

स्तामेन गुडघ्यांवर बसला. बराच वेळ पोरीकडे बघत राहिला. वेणीची सुटलेली रिबीन त्याने बांधली, पिशवीतली संत्री तिच्या ओंजळीत ठेवली.

"फोटोपेक्षा गोड आहेस गं. दरवर्षी उभी राहिलीस, कंटाळली असशील ना? आता घरी पळ. तुझी आई, दोन्का, वाट बघत असेल. आईला म्हणावं, स्तामेनकाका तुझे उपकार विसरणार नाही."

गेना संत्री सांभाळत पळाली.

"तुला हे कधीपासून माहीत?" रायनाने विचारलं.

छातीपाशी जपलेली रुमालाची पुरचुंडी त्याने काढली आणि उलगडली. आत चिनी मातीची अंडाकृती चकती होती. तिच्यावर एक वर्षाची त्यांची पोर हसत होती.

"चल," तो म्हणाला, "तिचा दगड दाखव."