नाव पुसणारं राज्य

शिरूरच्या कॉलेजात मराठीच्या मॅडमनी गोष्ट लिहायला सांगितली होती: माणसाची ओळखच हिरावून घेणारं एखादं राज्य कल्पून लिहा. सायलीनं लिहिलं, त्या राज्यात ठरावीक वयाच्या माणसांना दुसऱ्या घरी पाठवतात आणि तिथं त्यांचं नाव पुसून नवं देतात. जुन्या नावानं पुन्हा कुणी हाक मारायची नाही.

वाचून मॅडम म्हणाल्या, "कल्पना भयंकर आहे गं. पण पटत नाही. डोळ्यांदेखत कुणाचं नाव पुसलं तर लोक गप्प बसतील का?"

"गप्प न्हाई बसत मॅडम, टाळ्या वाजवत्यात," सायली म्हणाली. "परवा आमच्या ताईच्या लग्नाला तुम्ही आला होता की. भावजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ताईनं वाकून वाचलं, तिलाबी तवाच कळलं. पहिली टाळी तुमचीच होती."

मॅडमनी दहापैकी नऊ मार्क दिले आणि खाली सही केली, बावीस वर्षांपूर्वी तांदळात लिहून मिळालेल्या नावानं.