वरचा ब्रेक

शरच्चंद्रांच्या कॉलेजच्या दिवसांपासूनच्या रेसिंग सायकलला ब्रेकच्या दोन जोड्या. खालची वाकड्या हँडलवर, त्यांच्या बोटांशी. वरची लग्न झाल्यावर मुद्दाम बसवून घेतलेली, पुढे दांडीवर बसणाऱ्या कुमुदताईंना भीती वाटू नये म्हणून. ती नुसती नावालाच. कितीही आवळली तरी सायकल जुमानत नसे. कुमुदताईंनी बोटं आवळली की शरच्चंद्र मागून गुपचूप खालचा ब्रेक लावत, आणि त्या ऐटीत म्हणत, "बघा, कशी थांबवली!"

आज सुनेची नजर चुकवून दोघं पुन्हा डबलसीट निघाले. रेवदंड्याच्या पुलावरून सायकल उताराला लागली आणि अशी काही सुसाट सुटली, की समोरचा मिनिडोरवाला गाडी बाजूला घेऊन बघतच राहिला. कुमुदताईंचा पदर शरच्चंद्रांच्या तोंडावर फडफडू लागला.

"अगं, ब्रेक दाब! ब्रेक!" ते पदरातूनच ओरडले.

कुमुदताईंनी दोन्ही हात हवेत उंच केले आणि शाळकरी पोरीसारख्या खिदळल्या.

"अहो, तो कधी लागलाय? आज तुमचाही नका लावू!"